बरगडीला रजा नसते: वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपीची उत्तरे

या वेळी बरगडीच्या दुखण्याची पत्रे इतकी आली की सगळे सदर त्यांनाच दिले आहे. उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. हात मोडला तर झोळीत अडकवून ठेवता येतो, पाय मुरगळला तर उशीवर ठेवता येतो. बरगडीचे तसे नाही. स्वस्थ बसलेला माणूसही मिनिटाला साधारण १२ ते १६ श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला छातीचा पिंजरा हलतो. म्हणून ‘पडून राहा, बरे वाटेल’ हा सल्ला इथे अर्धवट ठरतो. दुखरी बरगडी मापाने हलती ठेवणे हाच तिचा उपचार. मात्र दुखणे बरगडीचेच आहे ना, याची खात्री आधी झाली पाहिजे.

छातीवर दडपण, सोबत घाम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, अचानक लागलेली धाप, थुंकीतून रक्त, किंवा एका पोटरीला सूज येऊन श्वास घेताना छातीत कळ, यांपैकी काहीही असेल तर हे सदर बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा, नाहीतर इंदूरचे एम.वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालय किंवा घराजवळचे जे मोठे रुग्णालय असेल तिथल्या इमर्जन्सीत जा. व्यायाम नंतर.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत. रंगपंचमीला ओल्या ओट्यावरून पाय घसरला आणि उजव्या कुशीवर पडले. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर दिसले नाही, पण आज नववा दिवस, तरी खोकला आला की कळवळतात. घरात कमरेचा पट्टा होता, तोच छातीला घट्ट बांधून दिला आहे. आई त्यांना पलंगावरून उठू देत नाही. शेजारचे म्हणतात, पैलवानाकडे नेऊन बसवून आणा. काय करावे?
*– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर*

पट्टा आजच सोडा. पट्ट्याने दुखणे कमी वाटते, कारण छाती फुगणेच थांबते. पण छाती फुगली नाही की फुफ्फुसाचा खालचा भाग उघडत नाही, तिथे कफ साचतो आणि चार-आठ दिवसांत न्यूमोनिया होऊ शकतो. साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला बरगडीच्या चिरेपेक्षा हा न्यूमोनिया जास्त महागात पडतो. पलंगावर आडवे पडून राहण्याचाही परिणाम तोच. आईंची काळजी खरी आहे, पण तिची दिशा बदलायला हवी.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे बरगडी शाबूत, असे समजू नका. बरगडी वाकडी, गोलाकार असते. जागेवरून न हललेली बारीक चीर पहिल्या एक्स-रेत बरेचदा सुटते आणि दोन-तीन आठवड्यांनी तिथे नवे हाड धरू लागले की दिसते. तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा एक्स-रे काढण्यात अर्थ नाही, कारण चीर असो की नुसता मुका मार, उपचार जवळपास सारखाच. छातीचा एक्स-रे लागतो तो फुफ्फुसाभोवती हवा किंवा रक्त तर साचले नाही ना, हे बघायला. धाप वाढली, ताप आला, पिवळा-हिरवा कफ पडू लागला, चक्कर येऊ लागली, पोट दुखू लागले किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांखाली यकृत असते, डाव्या बाजूच्या खाली प्लीहा. तिथला रक्तस्राव कधी कधी काही दिवसांनी कळतो. वडील रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर धाप-ताप काही नसतानाही एकदा दाखवून याच.

आता रोज काय करायचे. दुखण्याची गोळी ‘फारच दुखले तर’ घ्यायची नसते. डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळेला घ्यायची, आणि तीही श्वासाच्या व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास. हेतू हा की गोळीचा असर असताना छाती पुरती फुगावी. फक्त पॅरासिटॅमॉल की आणखी काही, हे त्यांनाच ठरवू द्या. या वयात किडनी, पोटातला अल्सर आणि बीपी बघून काही वेदनाशामके टाळावी लागतात.

श्वासाचा व्यायाम खुर्चीत ताठ बसून. नाकाने तीन-चार सेकंद सावकाश श्वास आत, दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा, मग तोंडाने हळूहळू बाहेर. जागे असताना दर तासाला असे १० श्वास. एकापाठोपाठ घाई केली की गरगरते, म्हणून चार-पाच श्वासांनंतर थोडे थांबायचे. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर मिळाले तर उत्तमच, पण ते ओढायचे यंत्र आहे, फुंकायचे नाही. घरोघरी लोक ते शंखासारखे फुंकताना दिसतात आणि काही उपयोग झाला नाही म्हणून कपाटात टाकतात. नळी ओठांत घट्ट धरायची आणि हवा आत ओढायची. दुसरी चूक म्हणजे झटक्यात तिन्ही चेंडू वर उडवणे. झटक्याने हवा वरच्या वर राहते. एकच चेंडू दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवणे हे तीन चेंडू क्षणभर उडवण्यापेक्षा पुष्कळ मोलाचे.

खोकला दाबू नका, आधार देऊन खोका. चौघडी केलेला टॉवेल किंवा लहान उशी दुखऱ्या जागेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची, किंचित पुढे वाकायचे आणि आधी नुसता हुंकार द्यायचा : तोंड उघडे, घसा मोकळा, चष्म्याच्या काचेवर वाफ धरावी तसा ‘हाऽ’. असे दोन हुंकार, मग एकच खोकला. कफ हुंकारानेच वर सरकतो, त्यामुळे खोकल्याचे हिसके कमी बसतात. शिंक येतेय असे वाटले तरी उशी दाबायची, म्हणून ती सतत हाताशी हवी.

झोपताना पहिले काही दिवस पाठीमागे तीन उशा रचून अर्धवट बसते झोपणे सोयीचे पडते. उठताना सरळ उठून बसू देऊ नका. आधी गुडघे वाकवून बिनदुखऱ्या कुशीवर अख्खे अंग एकदम वळवायचे, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताने गादी ढकलत बसायचे. घरातल्या घरात पाच मिनिटे चालणे, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि एक-दोन दिवसांनी त्यात दोन मिनिटांची भर. दुखऱ्या बाजूचा हात भिंतीवर बोटे चालवत वर न्यायचा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. हे टाळले की महिन्याभरात खांदा आखडतो आणि एक दुखणे संपता संपता दुसरे सुरू होते. पहिल्या दोन-तीन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावायचा असतो. तुमचे ते दिवस गेले. आता कोमट शेक चालेल.

पैलवानाकडे किंवा हाडवैद्याकडे अजिबात नेऊ नका. बरगडी ‘बसवायची’ नसते. चिरलेल्या जागी जोर दिला तर हाडाचे टोक सरकून फुफ्फुसाला टोचू शकते. तेल लावून चोळणेही नको.

पहिले दोन-तीन आठवडे खरा त्रास असतो. हाड सहा आठवड्यांत बऱ्यापैकी धरते, आणि कूस बदलताना हलकी ठसठस तीन महिन्यांपर्यंत राहू शकते. सहा आठवडे दोन-तीन किलोंपेक्षा जास्त उचलू नये. भरलेली बादली १५ किलोंच्या आसपास भरते, आणि १४.२ किलो गॅसचे भरलेले सिलिंडर टाकीसकट ३० किलोंच्या घरात जाते, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. स्कूटर तेव्हाच, जेव्हा खसकन ब्रेक दाबताना आणि मागे वळून बघताना कळ येत नाही.

आणखी एक. जेमतेम उभ्या उंचीवरून पडून या वयात बरगडी चिरली असेल, तर हाडे ठिसूळ झाली आहेत का हे तपासायला हवे. हाडांच्या घनतेची तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी याबद्दल डॉक्टरांना विचारा. पाय ओल्यानेच घसरला की उभे राहताना बीपी उतरून तोल गेला, हेही वडिलांना नीट विचारा. ओट्याला आणि न्हाणीघराला एकेक पकडदांडा बसवून घ्या.

प्रश्न : माझे वय ३६. छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला दोन महिन्यांपासून दुखते. बोटाने दाबले की नेमके तिथेच. ईसीजी आणि रक्ततपासणी नॉर्मल. डॉक्टरांनी ‘कॉस्टोकॉन्ड्रायटिस’ सांगितले. आधी मोठा खोकला झाला होता. काम दिवसभर लॅपटॉपवर. भीती काही जात नाही.
*– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर*

भीती वाटणे साहजिक आहे आणि ईसीजी करून घेतलात ते उत्तम केलेत. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय नाहीच, असा सरळ हिशेब नसतो. म्हणून पस्तिशीनंतर, किंवा मधुमेह, बीपी, तंबाखू यांपैकी काही असेल तर आधी हृदयाची तपासणी, मग बरगडी. तुमचा तो टप्पा पार पडला आहे.

बरगडी थेट छातीच्या हाडाला चिकटत नाही. मध्ये कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, तुकडा असतो आणि तो सांधा सुजल्याविना दुखरा होतो, त्याचे हे नाव. घशाखालच्या खळगीपासून मधल्या हाडावरून बोट खाली सरकवत आणा. साधारण पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या शेजारी असते ती दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत या. दुखरी जागा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीत सापडेल, कारण हा त्रास बहुधा तिथेच होतो. तिथे डोळ्यांना दिसेल अशी सूज असेल तर प्रकार थोडा वेगळा, आणि डॉक्टरांना पुन्हा दाखवावे लागेल.

जागा एकदा ओळखली की बोट काढून घ्या. या दुखण्यात माणसे दिवसातून वीसदा ‘अजून दुखते का’ म्हणून दाबून बघतात, आणि नेमके त्यानेच ते शांत होत नाही.

खोकल्याने सुरुवात झाली, पण दोन महिने टिकले त्यामागे अनेकदा पाठ असते. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्याने जोडलेली आहे आणि श्वास घेताना बादलीच्या कडीसारखी वर-बाहेर उचलली जाते. कडी एका टोकाला गंजली तर सगळा ताण दुसऱ्या टोकावर येतो. तासन्‌तास पुढे झुकून बसल्याने मागचे सांधे आखडतात आणि समोरच्या कूर्चेला जास्त ओढ बसते. म्हणून दुखते पुढे आणि काम करायचे मागे.

एक टॉवेल घट्ट गुंडाळा, सुरळी पाच-सहा सेंटिमीटर जाड झाली पाहिजे. जमिनीवर सतरंजी टाकून, गुडघे वाकवून उताणे झोपा आणि सुरळी पाठीखाली आडवी ठेवा, खांद्यांच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाशी. दोन्ही हात डोक्यामागे, कोपरे सैल. पाच सावकाश श्वास. मग सुरळी दोन बोटे वर, पुन्हा पाच श्वास, पुन्हा दोन बोटे वर. एवढेच, दिवसातून एकदा-दोनदा. इथे चूक ही होते की सुरळी कमरेखाली जाते आणि पाठीऐवजी कंबर वाकते. तसे झाले तर छाती मोकळी होत नाही आणि कंबर मात्र दुखायला लागते. गुडघे वाकवायला सांगतो ते त्यासाठीच.

दुसरा व्यायाम दाराच्या चौकटीत. हाताचा कोपरापासूनचा भाग चौकटीला टेकवा, कोपर खांद्याच्या थोडे खाली, त्याच बाजूचा पाय एक पाऊल पुढे, आणि अंग हळू पुढे न्या. ताण खांद्याच्या पुढच्या स्नायूत जाणवायला हवा. वीस-तीस सेकंद, तीन वेळा. छातीच्या हाडाशीच चिमटा बसला तर कोपर आणखी खाली घ्या. आठवड्याभरात हे दोन्ही सुखाने जमू लागले की रबरी पट्टी खिडकीच्या गजाला अडकवून कोपरे मागे ओढायचे, १० ते १२ वेळा, दोन खेपा, एक दिवसाआड. पाठीचे स्नायू बळकट झाल्याशिवाय ताठ बसणे दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, नुसत्या निश्चयाने तर नाहीच.

व्यायामात दुखणे दहापैकी तीनपर्यंत गेले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मूळ पातळीवर आले तर चालू ठेवा. त्याहून चढले किंवा रात्रभर ठणकले तर खेपा निम्म्या करा, बंद करू नका. दंड-बैठकांपैकी दंड, आणि जड सामान छातीशी कवटाळून उचलणे तीन-चार आठवडे बंद. लॅपटॉप उंचावर घ्या, वेगळा कीबोर्ड लावा, दर पाऊण तासाला उठा. एकाच खांद्यावरची जड पर्सही सोडा.

हे दुखणे काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांत ओसरते, आणि मध्येच सर्दी-खोकला झाला की पुन्हा डोके वर काढते. तसे झाले म्हणजे उपचार फसला असे नाही.

प्रश्न : मी गृहिणी, ४५ वर्षे. वाकून, वळून पाण्याची बादली उचलली आणि पाठीत डाव्या फऱ्याच्या आत उसण भरली. चार दिवस झाले, पूर्ण श्वास घेताच चमक निघते. सासूबाई म्हणतात, पायाळूचा पाय लावून घे. दवाखान्यात दहा दिवसांच्या मशीनच्या शेकाचे पॅकेज सांगितले. कशाने बरे होईल?
*– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर*

सासूबाईंचा मान ठेवायचा तर पायाळूने पाठीवर नुसता पाय टेकवल्याने नुकसान नाही. लाथ मात्र मारून घेऊ नका. उसण बहुतेकदा पाच-सात दिवसांत आपणहून उतरायला लागते, आणि त्या दिवसांत जो उपाय केला असेल त्याला श्रेय मिळते.

वाकणे, वळणे आणि उचलणे ही तिन्ही कामे एकदम झाली की बरगडी आणि मणका यांच्यामधला छोटा सांधा चिडतो, किंवा दोन बरगड्यांमधला स्नायू ताणला जातो. त्याच्या बचावासाठी भोवतालचे स्नायू आवळून धरतात आणि श्वास अर्ध्यात अडतो. म्हणजे आवळलेले सोडवणे हे पहिले काम.

गरम पाण्याच्या पिशवीने किंवा तव्यावर गरम केलेल्या ओवा-मिठाच्या पुरचुंडीने पंधरा मिनिटे शेक घ्या. पुरचुंडी आधी हाताच्या मनगटावर लावून बघा, पाठीला भाजलेले उशिरा कळते. शेक झाला की लगेच टेबलापाशी खुर्चीवर बसा, हातांची घडी टेबलावर आणि कपाळ हातांवर. आता श्वास पाठीत घ्यायचा. घरातल्या कोणाचा तरी तळवा दुखऱ्या जागेवर अलगद ठेवायला सांगा आणि तो तळवा श्वासाने मागे ढकलायचा प्रयत्न करा. चमक जिथे सुरू होते त्याच्या किंचित अलीकडे थांबा, श्वास सोडा. आठ-दहा श्वास, दिवसातून चार-पाच वेळा. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला ती चमकेची सीमा थोडी पुढे सरकलेली जाणवते. सरकली नाही तर जोर करू नका, शेक घेऊन तासाभराने पुन्हा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कुशीवरचा व्यायाम जोडा. उजव्या कुशीवर झोपा, डोक्याखाली उशी, दोन्ही गुडघे पोटाकडे वाकवून मध्ये उशी, दोन्ही हात समोर एकावर एक. श्वास सोडत वरचा हात उघडत मागे न्या, नजर हाताबरोबर फिरू द्या, गुडघे मात्र जागचे हलता कामा नयेत. गुडघे उचलले गेले की वळण कमरेत जाते. आठ वेळा, मग दुसऱ्या कुशीवर.

आता पॅकेजचे. अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचे) आणि आयएफटी, टेन्स (विजेच्या सौम्य प्रवाहाची) या मशिन्सनी तात्पुरता आराम मिळतो. कुणाचा तासभर टिकतो, कुणाचा संध्याकाळपर्यंत. त्या आरामात व्यायाम करून घेतला तर मशीन कामाचे. दहा दिवस नुसते पालथे पडून शेक घेणे, आणि कुणी हात लावून तपासलेच नाही, यावर पैसे घालवू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. चांगला फिजिओथेरपिस्ट आधी श्वास घ्यायला लावून दोन्ही बाजू ताडून बघतो, मणक्याचे वळणे मोजतो, हाताने सांधा मोकळा करतो आणि घरी करायला दोन-तीनच व्यायाम देतो. दोन-तीन बैठकींत काहीच फरक पडला नाही तर निदान पुन्हा तपासायला हवे. पेसमेकर असलेल्यांनी टेन्स किंवा आयएफटी लावून घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. हाडे ठिसूळ असतील तर पाठीवर जोराने दाब देऊन ‘कट्’ आवाज काढणे नको. आणि पाठीत-छातीत सुया टोचण्याचा उपचार कोणी सुचवला तर दोनदा विचार करा. तिथे सुई आणि फुफ्फुस यांत फार थोडे अंतर असते, सुई खोल गेली तर फुफ्फुसाभोवती हवा भरू शकते.

बादली पुढच्या वेळी अर्धीच भरा, दोन खेपा करा. आणि आधी पाय वळवा, मग अंग.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, मल्लखांब करतो. डाव्या बाजूच्या सगळ्यात खालच्या बरगडीशी काहीतरी ‘टक्’ वाजते आणि सणक जाते, विशेषतः पाठीमागे कमान टाकताना. पोटाची सोनोग्राफी नॉर्मल आहे. सर म्हणतात, आणखी ताण दे, मोकळे होईल.
*– एक पालक, रामबाग, इंदूर*

मध्य प्रदेशाने मल्लखांबाला २०१३ मध्ये राज्य खेळाचा दर्जा दिला, मुले हौसेने शिकत आहेत, त्यामुळे असे प्रश्न येणारच. सरांच्या अनुभवाचा आदर ठेवूनही सांगतो, इथे ताण वाढवणे उलट पडेल.

आठवी, नववी आणि दहावी बरगडी छातीच्या हाडाला थेट पोचत नाही, वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून असते. ती पकड सैल झाली तर टोक वरच्या बरगडीखाली सरकते, टक् वाजते, आणि तिथून जाणारी नस चिमटली की सणक जाते. हे सांधा आखडल्याचे दुखणे नाही, सैल झाल्याचे आहे. सैल गोष्ट ताणून आणखी सैलच होणार. पोटाच्या सोनोग्राफीत हे दिसत नाही, म्हणून कित्येक जण महिनोन्‌महिने पित्ताच्या गोळ्या खात राहतात. अनुभवी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट बरगडीच्या कडेखाली बोटे अडकवून हलकेच पुढे ओढून तपासतो. नेमके तेच दुखणे उठले तर निदानाला बळ मिळते. हालचाल करत केलेल्या सोनोग्राफीत सरकणारे टोक दिसूही शकते. घरी हा प्रयोग करू नका, आणि मुलाला ‘टक्’ वाजवून दाखवायची सवय लागली असेल तर ती आधी मोडा.

सहा आठवडे पाठीमागच्या कमानी, कुशीत मुरडून घेतलेल्या पकडी आणि दोरीवरची लटकती कसरत बंद. खेळ बंद नाही : पायांचे व्यायाम, तोल, सोप्या चढाया चालतील. सोबत पोटाच्या स्नायूंना बरगडी खाली धरून ठेवायला शिकवायचे. उताणे झोपून पाय गुडघ्यात काटकोनात वर, हात छताकडे. पूर्ण श्वास सोडायचा, बरगड्या खाली उतरलेल्या जाणवल्या पाहिजेत. तशाच ठेवून एक हात डोक्याकडे आणि विरुद्ध पाय जमिनीकडे न्यायचा, परत आणायचा. प्रत्येक बाजूला सहा वेळा, दोन खेपा. बरगड्या वर उसळल्या की तो प्रयत्न मोजायचा नाही. मग गुडघे टेकवून कोपरावर कुशीचा फळीसारखा आधार, दहा सेकंदांपासून तीसपर्यंत, बिनदुखऱ्या बाजूने सुरुवात. तीन महिने मनापासून करूनही सणक तशीच राहिली तर छातीच्या शल्यचिकित्सकांचे मत घ्या. नसेचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया हे पर्याय तिथून पुढचे.

प्रश्न : उजव्या बरगड्यांवर एका पट्ट्यात चार दिवसांपासून आग होते, कपड्याचा स्पर्शही सोसत नाही. मार लागलेला नाही. कोणता व्यायाम करू?
*– एक वाचक, तिलक नगर, इंदूर*

कोणताच नाही. आरशात पाठीपासून पोटापर्यंतची त्वचा रोज बघा. एकाच बाजूला, पट्ट्यासारखी आग आणि स्पर्श असह्य होणे ही नागिणीची सुरुवात असू शकते. पुरळ काही दिवसांनी येते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो, म्हणून पहिला फोड दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. शेक, मालिश, लेप काही नको. पुरळ आलीच नाही तरी दाखवा. उजव्या बरगडीखालचे दुखणे तळलेले खाल्ल्यावर उठत असेल आणि उजव्या फऱ्याकडे जात असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी लागेल.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे. बसले की दोन्हीकडच्या खालच्या बरगड्या दुखतात.
*– एक वाचक, उषा नगर, इंदूर*

गर्भाशय वर सरकल्याने खालच्या बरगड्या बाहेर फाकतात, त्याचे हे दुखणे. खोल सोफ्यावर बसू नका, ताठ खुर्ची घ्या, पाठीशी लहान उशी. भिंतीला पाठ लावून उभे राहा, श्वास घेत एक हात डोक्यावरून पलीकडे न्या, कूस लांबवा, तीन श्वास थांबा. दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा, दिवसातून तीनदा. झोपताना डाव्या कुशीवर, पोटाखाली आणि गुडघ्यांमध्ये उशी. आतल्या कपड्यांचा खालचा पट्टा घट्ट असेल तर तो आजच बदला, निम्मा फरक तिथेच पडू शकतो.

पण दुखणे फक्त उजव्या बाजूला किंवा छातीच्या खाली मधोमध असेल, आणि सोबत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे ठिपके, चेहरा-हातांवर सूज यांतले काही असेल, तर वेळ न घालवता, रात्र असली तरी, जिथे नाव नोंदवले आहे तिथे जाऊन बीपी आणि लघवी तपासून घ्या.